पाडव्याला साइट हलली, मी मागंच राहिले

मी बोलतेय, पण आवाज कुठून येतो म्हणून नाक्यावरच्या लाल डब्याकडे बघू नका. मला पत्रा नाही, कुलूप नाही, पावसात गंजणारं झाकणही नाही. मी ई-मेलची पेटी. पडेगावच्या 'आवडाई नर्सरी'ला कुणी मेल पाठवला की तो माझ्या पोटात येऊन पडतो. एवढंच माझं काम, आणि ते मी इमानेइतबारे करत आले. तरी एका उन्हाळ्यात माझी माणसं माझ्या भरवशावर राहिली आणि चांगला वाढलेला चिंचेचा वाफा तहानेनं वाळायला लागला. ती हकिगत सांगितल्याशिवाय मला चैन पडायचं नाही.

मला जन्माला घातलं प्रेरणानं. ती वैजापूरची. लग्न होऊन पडेगावात आली तेव्हा रुखवतात शिलाई मशीन होतं आणि पिशवीत लॅपटॉप. नवरा विश्वजीत वाळूजच्या कंपनीत शिफ्टला जायचा आणि नर्सरी सासू-सासरे बघायचे. सासरे पुंजाराम, सासू आवडाबाई. प्रेरणा त्यांना मामा आणि आत्याबाई म्हणते. मी तिच्या हातची, म्हणून मीही तेच म्हणते.

मला तयार केल्यावर प्रेरणानं स्वतःच्याच खात्यावरून पहिला मेल टाकला. त्यात एकच शब्द होता, 'टेस्ट'. मामा चष्मा लावून शेजारी बसले होते.

"आलं का काही?" त्यांनी विचारलं.

"आलं मामा."

"मंग त्याला कोन्ती रोपं पायजेत?"

प्रेरणा हसली, मामाही हसले, आणि माझा संसार सुरू झाला.

मी एकटी नव्हते. नर्सरीची वेबसाइट आणि मी, दोघी एकाच होस्टिंगवर, म्हणजे एकाच भाड्याच्या घरात राहायचो. तिला मी मनातल्या मनात जाऊबाई म्हणायची. तिचा मुक्काम पुढच्या खोलीत. फुललेल्या बहाव्याचे फोटो, आत्याबाईंचा झारी घेतलेला फोटो, नकाशा, सगळा थाट तिचा. येणारा-जाणारा तिचंच कौतुक करायचा. मी मागच्या खोलीत पत्रं सांभाळत बसलेली. पेटी किती देखणी आहे असं आजवर कुणी म्हटलेलं नाही, आणि मला त्याचं वाईट वाटतं हे खोटं कशाला सांगू?

पण माणसं कळायची असतील तर ती मागच्या खोलीतूनच कळतात. विषयाच्या जागी 'अर्जंट' लिहून खाली काहीच न लिहिणारे मी पाहिलेत. 'सोबत यादी जोडली आहे' म्हणतात आणि यादी जोडायची विसरतात, मग तासाभरानं 'सॉरी' म्हणून पुन्हा विसरतात. एका बिल्डरनं विचारलं होतं, महिनाभरात सावली देणारं झाड मिळेल का? मामा म्हणाले, "त्याला म्हनावं, छत्री घे."

शहर तेव्हा अंग पसरत होतं. तेव्हाचं औरंगाबाद, आताचं छत्रपती संभाजीनगर, दौलताबादच्या रस्त्यानं सरकत सरकत आमच्या कुंपणाशी आलं. जिथं ज्वारी डुलायची तिथं प्लॉटचे दगड उभे राहिले. नव्या सोसायट्यांना झाडं हवी असायची, म्हणून माझ्या पोटात पत्रांची रीघ लागायची. आणि त्याच सुमाराला पाऊस मात्र दरवर्षी तोंड फिरवत होता. एका पत्रात 'शंभर लिंब पाठवा' आणि दुसऱ्यात 'पाण्याची सोय झाली की कळवतो', अशी माझी दोन्हीकडून कुचंबणा. घरं वाढत होती, पाणी आटत होतं, आणि दोन्हीची खबर मला एकाच दिवशी लागत होती.

ज्या साली लातूरला रेल्वेनं पाणी गेलं, त्या सालची ही गोष्ट. नर्सरीची बोअर नुसती हवा ओकत होती. टँकर यायचा तो हौद अर्धाच भरायचा. मामांनी हिशेब मांडला होता की मृगापर्यंत सगळी रोपं काही जगवता येणार नाहीत. ज्यांना गिऱ्हाईक पक्कं, त्यांना पाणी. बाकीची देवाच्या हवाली.

त्या आधी, थंडी सरताना, गारखेड्याहून वैजनाथराव आले होते. कचेरीतून हेडक्लार्क म्हणून निवृत्त झालेले, नव्या मोठ्या सोसायटीचे अध्यक्ष. पांढरा शर्ट, खिशाला पेन. त्यांनी लिंब पाहिले, करंज पाहिले, आणि चिंचेच्या वाफ्यापाशी थांबले. ती चिंच आत्याबाईंनी बियांपासून वाढवलेली होती. घरच्या चिंचोक्यांतले ठणठणीत निवडून, भिजत घालून, एकेक पिशवीत टोचलेले. तीन उन्हाळे काढून रोपं कमरेएवढी झाली होती.

"रस्त्याच्या दुतर्फा हीच लावू," वैजनाथराव म्हणाले. "पाडव्यानंतर आमची सर्वसाधारण सभा आहे. ठराव झाला की मेलने कळवतो. पाऊस पडला की रोपं उचलू."

"तोवर जगवतो," मामा म्हणाले. "फकस्त नक्की काय ते कळवा साहेब. पानी लई मोजून हाय."

"लेखी कळवतो," वैजनाथराव म्हणाले, आणि ते होतेच तसे, सगळं लेखी करणारे.

आता इकडे जाऊबाईंचं नखऱ्याचं वय सरलं होतं. फोटो जड झाले होते, आमचं घर जुनं झालं होतं, आणि ऐन हंगामात ती मधेच मान टाकायची. विश्वजीतनं दुसरी होस्टिंग कंपनी शोधली. जुन्या ठिकाणचं साल संपतच आलं होतं. नवीन घर कधी घ्यायचं, एवढंच ठरायचं होतं.

"पाडव्याला," मामा म्हणाले. त्यांच्या लेखी सालगडी पाडव्याला, नवा नांगर पाडव्याला, तर साइट दुसऱ्या दिवशी कशी हलेल?

"मामा, मला दोन-चार दिवस द्या. मेलचं नीट बघायचंय," प्रेरणा म्हणाली.

"मुहूर्त काय आपल्यासाठी थांबतो का? कर तू, व्हतं सगळं."

इथं मला हसू येतं आणि रागही येतो. हीच माणसं भर दुपारी रोपाला हात लावू देत नाहीत. आळं खणून, भिजवून, संध्याकाळची वाट बघून मगच पिशवी फाडतात, तीही मुळाची माती सुटणार नाही अशी. गिऱ्हाइकानं घाई केली तर त्याला चार गोष्टी ऐकवतात. आणि माझ्या बाबतीत मात्र गुढी उभारली, नैवेद्य झाला, आणि पुरणपोळीचा हात पुसून प्रेरणा लॅपटॉपला बसली.

काय घडलं ते सोप्या शब्दांत सांगते. नर्सरीच्या नावाच्या चौकात एक खांब आहे असं समजा. त्यावर दोन पाट्या. एक सांगते वेबसाइट कुठं राहते, दुसरी सांगते पत्रं कुठं टाकायची. जाऊबाईंना हलवायचं तर पहिली पाटी बदलली असती तरी भागलं असतं. प्रेरणानं नव्या कंपनीच्या सांगण्यावरून अख्खा खांबच बदलला. नव्या खांबावर दोन्ही पाट्या नव्या घराकडे बोट दाखवणाऱ्या. तिथं त्यांच्या माणसानं माझ्याच नावाची एक कोरी पेटी आधीच ठेवून दिली होती. त्यानं फोनवर तसं सांगितलंही. पण त्याच वेळी आत्याबाई पोळ्या वाढायला हाक मारत होत्या, आणि 'हो हो' म्हणण्यात ते वाक्य विरून गेलं.

घरातल्या सगळ्या फोनवर साइट उघडून पाहिली. जाऊबाई नव्या घरात लखलखत होत्या. मग प्रेरणानं खात्री म्हणून माझ्यातून विश्वजीतला एक मेल पाठवला. त्याला तो पोचला. त्यानं अंगठा दाखवला. "मेलपण चालू आहे," प्रेरणा म्हणाली, आणि मामांनी गुढीला नमस्कार केला.

अहो, पाठवणं चालूच होतं. घरातून बाहेर पडायला वाट होतीच. येणाऱ्यानं कुठं यायचं, हे कुणी विचारलंच नाही.

फोनमध्ये माझ्या जुन्या घराचा थेट दरवाजा नोंदलेला होता. त्यामुळे मामा फोन उघडायचे, मी समोर यायची, सगळी जुनी पत्रं जागच्या जागी. फक्त नवं काही नाही. पाडव्याच्या दुसऱ्या दिवशी वैजापूरहून एकाचं पत्र चुकून माझ्याकडे आलं, कारण बदललेल्या खांबाची खबर सगळीकडे एकदम पोचत नाही. त्या एका पत्रानं घात केला. पत्र आलं म्हणजे पेटी ठीक आहे, असं सगळ्यांनी धरलं. त्यानंतर माझ्याकडे शुकशुकाट झाला. मला समजत होतं की काहीतरी बिनसलंय, पण पेटीला ओरडता येत नाही.

सभेचा दिवस गेला, आठवडा गेला. मामा रोज सकाळी चहा घेता घेता मला उघडायचे आणि बंद करायचे.

"फोन लावून विचारा ना मामा," प्रेरणा म्हणाली.

"कशाला? मानसाचं मन फिरलं आसंल. त्याला आडचनीत कशाला टाकायचं? गिऱ्हाइकाच्या मागं लागनं आपल्याला नाय जमत."

ही मामांची जुनी खोड. आयुष्यभर त्यांनी कुणाला 'येताय ना?' असं विचारलेलं नाही. आला तर बसा, नाही आला तर रामराम. मानी माणूस, पण मानापायी कधी कधी स्वतःचंच नुकसान करून घेतो.

पुढच्या टँकरला त्यांनी निर्णय घेतला. चिंचेचं पाणी बंद. पाणी डाळिंबाच्या कलमांना, कारण ती विकली गेलेली होती.

आत्याबाई वाफ्यापाशी उभ्या होत्या. "अवो, त्यो मानूस लिवतो म्हनला व्हता ना?"

"म्हनला व्हता. नाय लिवलं."

"मंग काय झालं आसंल कुनाला म्हाईत. माझी चिंच हाय ती. तिला मी नाय मारू देनार."

"तुला येगळं पानी कुठून आनू मी? तूच सांग."

त्या दिवसापासून भांडी विसळल्याचं, भाजी धुतल्याचं, हातपाय धुतल्याचं पाणी आत्याबाई बादलीत साठवायच्या आणि वाटीवाटीनं चिंचेला घालायच्या. सगळ्या वाफ्याला ते कुठून पुरणार? त्या पुढून सुरुवात करायच्या आणि मागच्या ओळींपर्यंत पोचायच्या आधी बादली संपायची. कुठल्या रोपाला द्यायचं आणि कुठल्याला नाही, हे त्यांना रोज ठरवावं लागत होतं. ही गोष्ट मी नंतर प्रेरणानं माझ्यातून नवऱ्याला पाठवलेल्या मेलमध्ये वाचली आणि मला फार वाईट वाटलं.

तिकडे गारखेड्यात काय चाललं होतं? ठराव पहिल्याच झटक्यात मंजूर झाला होता. वैजनाथरावांनी त्याच दिवशी पत्र धाडलं होतं, 'सप्रेम नमस्कार, वि. वि.' पासून 'पोच द्यावी' पर्यंत. ते गेलं नव्या कोऱ्या पेटीत, जी कुणी उघडलीच नव्हती. पोच नाही म्हणून दुसरं पत्र. तरी नाही म्हणून तिसरं, जरा तिखट. त्यांनी तरी फोन करावा? छे. "फोनवरचं म्हणजे बोलाचाच भात आणि बोलाचीच कढी," असं त्यांचं मत. असे दोघंही दोन टोकांना रुसून बसले. एक विचारायचं नाही म्हणून आणि एक लेखी हवं म्हणून. मधे चिंच वाळत होती.

सुटका झाली ती दमयंतीबाईंमुळे, म्हणजे वैजनाथरावांच्या मंडळींमुळे. रविवारी दौलताबादकडून येताना त्या कढीपत्त्याचं रोप घ्यायला नर्सरीत उतरल्या. नवरा गाडीतच बसून राहिला, काच वर करून.

"यांना उतरायचं नाहीये," त्या प्रेरणाला म्हणाल्या. "तुमच्यावर रागावलेत. इतकी पत्रं पाठवली, तुम्ही साधी पोच दिली नाहीत. रोज जेवताना तुमचा उद्धार चालतो. मी म्हटलं, अहो, नसेल मिळालं. तर म्हणतात, मेल कधी हरवतो का?"

प्रेरणानं हातातली पिशवी खाली ठेवली. तिनं मला उघडलं, वरपासून खालपर्यंत चाळलं. माझ्याकडे काही नव्हतं. मग तिनं स्वतःच्या खात्यावरून नर्सरीला एक मेल टाकला आणि वाट बघितली. तो माझ्याकडे आला नाही. तिला तिथंच समजलं. नव्या कंपनीला फोन लावला, कोऱ्या पेटीचा पासवर्ड घेतला, दार उघडलं. आत वैजनाथरावांची पत्रं होती, आणि त्यांच्यासोबत बरीच. शेवटच्यात लिहिलं होतं की या आठवड्यात उत्तर न आल्यास सोसायटी दुसरीकडून रोपं घेईल.

तिनं लॅपटॉप मामांपुढे धरला. मामांनी सगळी पत्रं वाचली, हळूहळू, ओठ हलवत. मग उठले, डोक्यावर टोपी घातली आणि गाडीपाशी गेले. काच खाली झाली.

"साहेब," मामा म्हणाले, "तुमचं पत्र आलं व्हतं. आमी चुकीच्या पेटीत बघत बसलो. तुमी फिरलात आसं मी समजलो आन् चिंचेचं पानी तोडलं. मागच्या वळी गेल्या. पुढच्या माझ्या बायकूनं जगवल्या. हाय त्या तुमच्या. तुमाला नको आसंल तर माझी ना नाय."

"एक फोन केला असता तर बरं झालं असतं," वैजनाथराव म्हणाले. "मी पण करायला हवा होता." मग उतरले आणि आत्याबाईंच्या मागोमाग वाफ्याकडे गेले. वाळलेल्या ओळींपाशी त्यांनी चप्पल काढली. का काढली ते त्यांनाच ठाऊक. जाताना मात्र प्रेरणाला बजावून गेले, "पोच लेखी पाठवा हं."

त्या संध्याकाळी टँकरचं पहिलं पाणी चिंचेला गेलं.

आता राहिले मी. जुन्या घराचं साल भरत आलं होतं, आणि मामांनी विश्वजीतला आधीच सांगून ठेवलं होतं की दोन घरांची भाडी नकोत, जुनं सोडून दे. ते सोडलं असतं तर माझ्या पोटातली सगळी पत्रं पुसली गेली असती. एका शब्दाचा तो टेस्ट, डाळिंबवाल्यांचे पत्ते, छत्री घ्यायला सांगितलेल्या बिल्डरचं रागावलेलं उत्तर, सगळं. मी जीव मुठीत धरून होते.

"जुनं बंद करू नका," प्रेरणा म्हणाली. आवाज न चढवता, पण मामांनी मान वर करून बघावं इतक्या ठामपणे. "मामा, तुम्ही रोप नव्या जागी लावलं की त्याच दिवशी त्याला एकटं सोडता का?"

"नाय. म्हैनाभर बघावं लागतं. जगलं का नाय ते."

"मग हे पण तसंच."

मामांनी पुन्हा भाड्याचा विषय काढला नाही.

प्रेरणानं मला घाई न करता हलवलं. एकेक कप्पा, तारखेसकट, आलेली पत्रं आणि गेलेली पत्रं, नव्या पेटीत उतरवून घेतली. मग दोन्हीकडची जुळवून पाहिली. फोनमध्ये नवा दरवाजा नोंदवला. वैजापूरहून भावाला, गारखेड्याहून दमयंतीबाईंना मेल पाठवायला सांगितले आणि ते आत येताना स्वतः पाहिले. नुसतं पाठवून नाही, येताना. महिनाभर ती रोज जुन्या घरातही डोकावत होती, एखादं वाट चुकलेलं पत्र आलंय का बघायला. दोन आली. ती तिनं उचलून इकडे आणली. त्यानंतरच जुन्या घराला कुलूप लागलं.

आता मी नव्या घरात आहे. जाऊबाई पुढं, मी मागं, जुनाच थाट. शहर आमच्या पार पुढं निघून गेलंय. नर्सरीच्या तिन्ही बाजूंनी इमारती आहेत आणि तिथली माणसं गच्चीसाठी मोगरा मागतात. मामा आता स्वतः उत्तरं देतात. कुणाचंही पत्र आलं की आधी एकच शब्द लिहितात, 'पोचलं', मग पुढचं काम.

गारखेड्यातल्या त्या रस्त्यावर चिंच लागली आहे. ज्या आळ्यांना रोपं पुरली नाहीत, ती वैजनाथरावांनी तशीच राखली. आत्याबाईंनी त्याच मृगात नवे चिंचोके टोचले आणि पुढं ती रोपं तिथं गेली. म्हणून ती रांग आजही वरखाली दिसते. आत्याबाई तिकडं गेल्या की मोठ्या झाडांकडे बघत नाहीत, मागाहून लावलेल्या बुटक्यांपाशी थांबतात आणि हात लावून येतात.

साइट खुशाल हलवा, मुहूर्तही बघा, माझं काही म्हणणं नाही. फक्त पत्रं कुठं येतात ते आधी विचारा, आणि जुनं दार बंद करायची घाई करू नका. आणि समजा कुणाचं पत्र आलंच नाही, तर माणूस फिरला असं धरून कुणाचं पाणी तोडू नका. आधी एक फोन करा.